पाठमोरा

१

बुधवारी आणि शनिवारी मी डहाणूला असे. स्टेशनच्या पूर्वेला, चिकूची लाकडी खोकी ठोकणाऱ्या एका दुकानाच्या वर, एका संस्थेनं व्यसनमुक्तीच्या कामासाठी जागा घेतली होती. जिन्याच्या पायथ्याशी टेबलाशी बसायची संगीता. आलेल्याचं नाव विचारणं, पाणी देणं, आणि वर कुणी मोठ्यानं रडायला लागलं की आपल्या रेडिओचा आवाज हळूच वाढवणं, ही तिची कामं. वर माझी खोली. पेशंटसाठी एक आरामखुर्ची, समोर माझी खुर्ची, आणि सोबतच्या नातेवाइकासाठी भिंतीला लागून एक स्टूल. खाली दिवसभर खिळे ठोकल्याचा आवाज चाले. नव्या माणसाला तो टोचायचा. मला मात्र त्याच्याशिवाय काम सुचेनासं झालं होतं.

माझं काम माणसाला डोळे मिटायला लावण्याचं. जी गोष्ट तोंडातून निघत नाही, ती बहुतेकदा डोळ्यांपुढे असते. गांजा ओढणारा ती दिसू नये म्हणून ओढतो, आणि ओढल्याची लाज वाटली की पुन्हा ओढतो. मी त्याला ती गोष्ट पुन्हा बघायला लावते, पण एकट्याला नाही. आधी मनात एक सुरक्षित जागा उभी करायची. तिथे श्वास स्थिर झाला की जुन्या प्रसंगात जायचं, आणि तेव्हा जे करता आलं नाही ते आजच्या माणसानं आत शिरून करायचं. घडलेलं त्यानं बदलत नाही. पण माणूस त्या क्षणात अडकून पडलेला असतो, तो सुटतो. मी कितीतरी जणांना सुटताना पाहिलंय. यात गूढ काही नाही, असं मी ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना सांगत असे.

२०१८चा नोव्हेंबर लागला आणि डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. आधी जमिनीच्या पोटात गडगड ऐकू यायची, मग भांडी वाजायची. पाड्यापाड्यांवरची माणसं घर सोडून ताडपत्रीच्या मांडवात झोपू लागली. आणि मी त्यांना म्हणत होते, डोळे मिटा आणि सुरक्षित जागा आठवा.

प्रविणला त्याची बहीण रूपी घेऊन आली ती त्याच दिवसांत. रूपी कासा गावच्या दवाखान्यात नर्स होती. सफाईनं बोलणारी, पण भावाकडे बघताना तिचा आवाज कापत होता.

"मॅडम, हा उंबरगावला कारखान्यात फिटर आहे. चालू मशीनमध्ये हात घालत होता. शेजारच्यानं ओढला म्हणून वाचला. आता बरा झाल्याशिवाय कामावर घेणार नाय म्हणतात."

"काय ओढतोस?" मी विचारलं.

"गांजा," प्रविण म्हणाला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, रुंद हातांचा, खाली मान घातलेला. "आधी दोस्तांबरोबर, मजेत. बाबा गेल्यापास्नं रोज. उठल्या उठल्या."

रूपीनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. बाप गेल्याची आणि गांजाची गाठ तिनं पहिल्यांदाच ऐकली असावी.

२

पहिले काही आठवडे साधेच गेले. गांजा सुटला की झोप उडते, चिडचिड होते, अन्न नकोसं होतं. डॉक्टरांनी झोपेसाठी गोळ्या दिल्या. प्रविण न चुकता आला. चारोटीपर्यंत जीप, तिथून दुसरी गाडी, आणि माझ्या आधी येऊन जिन्यावर बसलेला. त्याला बरं व्हायचं होतं, एवढं दिसत होतं.

मग एका शनिवारी मी त्याला आरामखुर्चीत मागे टेकायला सांगितलं.

"जिथे तुला काही धोका नाही अशी जागा. कुठलीही. खरी असली तरी चालेल, मनातली असली तरी चालेल."

त्यानं डोळे मिटले. जरा वेळानं त्याचे खांदे उतरले.

"कुठं आहेस?"

"घरी. ओटीवर."

"कुठलं घर?"

"आमचंच. तलासरीकडचं. पण आताचं नाय. जमीन हलत नव्हती तेव्हाचं."

"काय दिसतं?"

"कुडाची भिंत. आईनं सारवलंय, अजून वास येतो. कोंबडी पिल्लं घेऊन फिरते. ऊन आलंय उंबऱ्यापर्यंत." तो हसला. पहिल्यांदाच. "बरं वाटतं, मॅडम."

"छान. आता ओटीवर बस. आजूबाजूला बघ."

मिटलेल्या पापण्यांखाली डोळे हलत होते, मग एका जागी थांबले.

"कोणतरी बसलंय."

"कोण?"

"म्हायती नाय. खांबाला टेकून बसलंय. पाठ माझ्याकडं आहे. उघडी पाठ."

सुरक्षित जागेत नको असलेलं कुणी आलं, तर माझ्याकडे त्याला उत्तर असतं. मी म्हणाले, "ही जागा तुझी आहे. त्याला सांग, आता जा."

प्रविणनं ओठ हलवले. मग कपाळावर आठी आली.

"सांगितलं. तो जात नाय. त्याची पाठ ओली आहे, मॅडम. पाणी ठिबकतंय."

आणि मला ते ऐकू आलं. टप्. जरा थांबून पुन्हा, टप्. खोलीतच, माझ्या उजव्या हाताला, भिंतीकडे.

मी त्याला सावकाश परत आणलं, डोळे उघडायला लावले, पाणी प्यायला दिलं. मग भिंतीपाशी जाऊन पाहिलं. भिंत कोरडी होती. फरशी कोरडी होती. स्टुलावर धूळ होती. खाली जाऊन संगीताला विचारलं, वरची टाकी गळतेय का.

"टाकी तर सकाळपासनं रिकामी आहे, मॅडम," ती म्हणाली. "पाणीच आलं नाय आज."

३

संध्याकाळी मी सुधाताईंना फोन केला. त्या माझ्या सिनियर, ठाण्याला असतात. अडलं की मी त्यांना विचारते.

"गांजा सोडल्यावर स्वप्नं आणि चित्रं फार ठसठशीत होतात, तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "बसलेला माणूस म्हणजे त्याची अपराधी भावना. आणि तू त्याच्यात इतकी गुंतलीस की तुलाही ठिबकणं ऐकू आलं. मुक्ता, सूचना फक्त पेशंटवर काम करत नाही, देणाऱ्यावरही करते."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

पुढच्या बुधवारी प्रविणनं मला ती गोष्ट सांगितली. डोळे उघडे ठेवून, खिडकीकडे बघत.

त्याच्या बापाचं नाव काकड्या. तो ताडी काढायचा. बांधावर खजुरीचं उंच झाड होतं. कमरेला दोर बांधून वर चढायचा, खोडाला छेद देऊन मडकं लावायचा. तीन वर्षांपूर्वी, भातझोडणी संपल्यानंतरच्या एका दुपारी, तो वर होता आणि प्रविण खाली खळ्यात पेंढ्यावर पडला होता. चिलीम भरून झाली होती. वर बसल्या बसल्या जागा बदलताना बापाचा दोर सुटून खाली पडला. पेंढ्याशेजारीच लांब बांबू होता. त्याच्या टोकाला दोर अडकवून वर धरायचा, एवढंच काम.

"बाबानं हाक मारली. 'प्रविण, दोर दे रं.' मला ऐकू आली, मॅडम. साफ ऐकू आली. पण ती हाक जमिनीखालनं येते असं वाटलं. मला हसू आलं. मी हात हलवला, आणि पडून राहिलो. त्यानं परत मारली. परत. मी म्हटलं, देतो, देतो की. उठलो नाय. मग हाक आली नाय."

आई भाकरी घेऊन शेतावर आली, तिच्या किंकाळीनं त्याला जाग आली. तोवर बाप झाडावरून पडून गेला होता. आईला दिसायच्या आत प्रविण पेंढ्याआडून निसटला. लोक जमले तेव्हा तो परत आला, आणि कुणीतरी विचारलं, तू कुठं होतास? प्रविण म्हणाला, तलासरीच्या बाजारात. आईनं ते ऐकलं आणि खरं मानलं.

"ती हाक अजून येते?" मी विचारलं.

"ओढलं की येत नाय," तो म्हणाला.

त्या दिवशी मी त्याला पुन्हा डोळे मिटायला लावले. ओटीवर जाताच त्याचा श्वास अडकला.

"तो खांबापाशी नाय. सरकलाय. ओटीच्या पायरीवर बसलाय, वाटेत. खळ्याकडं जायची वाट तीच आहे."

"चेहरा दिसतो?"

"नाय. मी बाजूला झालो की तो पण फिरतो. पाठच दिसते."

टप्, भिंतीपाशी झालं. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

४

प्रविणच्या घरी जायचं मी ठरवलं ते कामाचा भाग म्हणून. घरच्यांशी बोलल्याशिवाय उपचार पुरा होत नाही, असं आम्ही मानतो. पण स्वतःला फसवण्यात अर्थ नाही. मला ती ओटी बघायची होती. ती बघितली की माझ्या डोक्यातली ओटी पुसली जाईल असं वाटत होतं.

रूपी मला घेऊन गेली. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. पाड्यावरची घरं ओस पडली होती आणि माणसं अंगणातल्या मांडवांत होती. प्रविणची आई जिवली मांडवाबाहेर तांदूळ निवडत होती. वाळलेली, ताठ कण्याची बाई. तिनं मला चटई टाकली.

"पोरगा खातो आता," ती म्हणाली. "बरं केलंस, बाय."

मी घराकडे पाहिलं. कुडाची भिंत, खांब, सारवलेली ओटी, सगळं त्यानं सांगितल्यासारखंच. ओटीच्या पायरीवर मात्र एक काळपट ओला डाग होता. माणूस बसेल एवढा.

"तिथं काय सांडलंय?"

जिवलीनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. "तिथं शेण वाळत नाय. सारवते, परत ओलं. पाऊस नाय, काय नाय. जमीन फाटते सगळीकडं, तर पाणी वर येत असंल."

भूकंपाच्या दिवसांत विहिरींचं पाणी वरखाली होतंच. मी मान डोलावली. एवढ्यात घराच्या आतून कुणीतरी घसा साफ केला. म्हातारा माणूस बोलण्याआधी करतो तसा.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"आत कोणी नाय," जिवली म्हणाली. "आत कोण जातंय आता? सगळी इथं."

रूपी तांदूळ पाखडायचं सूप धरून उभी होती. तिनंही ऐकलं होतं. तिच्या हातातलं सूप कलंडलं आणि दाणे मातीत पडले. मी उठले आणि दारापर्यंत गेले. पायरीवरच्या डागावर पाय न देता, कडेनं. आत अंधार होता. उन्हातून आल्यावर कुठल्याही घरात असतो तेवढाच. कणगी दिसली, चूल दिसली, भिंतीला लावलेला एक जुना लांब बांबू दिसला. आणि टप्, असं अगदी जवळ झालं. मी मागे झाले.

परतीच्या जीपमध्ये रूपी म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला काय विचारू नका. मी नर्स आहे. मला असलं मानता येत नाय."

"मलाही," मी म्हणाले.

५

त्यानंतर प्रविण दोन्ही वारांना आला नाही. मग आला तो डोळे लाल घेऊन. खोलीत पाय ठेवायच्या आधीच मला वास आला.

"ओढलं," तो म्हणाला. "मला हाकला, मॅडम. रूपीला सांगू नका."

मी त्याला बसवलं. असं होतं, पुष्कळांचं होतं, त्यानं आधीचे दिवस वाया जात नाहीत, हे मी सांगितलं. तो ऐकत नव्हता. तळहात एकमेकांवर घासत होता.

"आता डोळे मिटावे लागत नाय," तो म्हणाला. "घराबाहेर पडलो की दिसतो. दारात, बसमध्ये पुढच्या सीटवर. पाठ. परवा तो बोलला."

आवाज शक्य तितका सपाट ठेवून मी विचारलं, "काय बोलला?"

"म्हणाला, 'बस, प्रविण. काय झालं नाय. बस इथं.' बाबाच्याच आवाजात. इतक्या मायेनं बोलला, मॅडम, की मला रडू आलं. मी बसलो. आणि मग ओढलं."

खाली खोक्यांना खिळे ठोकले जात होते. मी काही बोलणार, तेवढ्यात प्रविणनं मान वर केली. काहीतरी पहिल्यांदाच ध्यानात यावं तसा त्याचा चेहरा बदलला.

"पण बाबा मला कधी 'बस' म्हटला नाय."

"म्हणजे?"

"कधीच नाय. बाबा म्हणायचा, ऊठ. पहाटे ऊठ, शाळेला ऊठ, पेंढा उचल, ऊठ. ताप असला तरी ऊठ. आणि माया बियाचं बोलणं त्याला येतच नव्हतं." तो खुर्चीच्या कडेवर आला. "तो बाबा नाय, मॅडम. बाबा अजून झाडावरच आहे. हा दुसराच कोणतरी आहे. हा मला तिकडं जाऊ देत नाय."

मी इतकी वर्षं हे काम करते. अपराधी भावना शिव्या घालते, दोषी ठरवते, असंच मी शिकले होते. ती मांडीवर घेऊन थोपटूही शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"त्याला फिरवायचं नाय. त्याचं तोंड बघायचं नाय," प्रविण म्हणाला. "त्याच्या बाजूनं जायचं."

६

जानेवारी सरत आला होता. ठरलेल्या शनिवारी प्रविण अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला. मध्ये त्यानं ओढलं नव्हतं. रूपीला ड्यूटी होती, म्हणून तो एकटाच होता. दुपारचं ऊन खिडकीतून आरामखुर्चीच्या पायांपर्यंत आलं होतं.

मी दार लावलं. स्टूल भिंतीशी रिकामं होतं. ते मी नीट बघून घेतलं.

"कुठं आहेस?"

"ओटीवर."

"तो आहे?"

"पायरीवर. पूर्ण वाट अडवून."

"आजचा प्रविण आहेस तू. कारखान्यातला फिटर. हात बघ तुझे."

"बघतो."

"मग चल."

त्याचे पाय चपलांत आखडले. श्वास जोरात चालू झाला. आणि मला कळलं की खालचं ठोकणं थांबलंय. संगीताचा रेडिओही ऐकू येत नव्हता. नुसतं टप्, टप्, आता पटापट, भिंतीपाशी.

"तो बोलतोय," प्रविण म्हणाला. "'बस.'"

"तू काय सांगतोस?"

"काय नाय सांगत. भिंतीला घासून चाललोय. त्याची पाठ माझ्या पोटाला लागते. गार आहे. मॅडम, फार गार आहे."

"चालत राहा."

"उतरलो! अंगणात आलो." त्याचा आवाज चढला. "तो उठला, मॅडम. मागे येतोय."

माझ्या उजव्या हाताला लाकूड करकरलं. बसलेलं माणूस उठताना स्टूल करकरतं तसं.

मी बघायला नको होतं, पण मी बघितलं. भिंतीकडे तोंड करून, स्टुलावरून अर्धवट उठलेली, एक उघडी पाठ होती. बरगड्या, त्यांच्यावर ताणलेली कातडी, आणि मणक्यावरून खाली येणारं पाणी. नजर वर न्यायचा मला धीर झाला नाही. त्या पाठीला वर डोकं होतं की नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. त्याच वेळी फरशी हलली. खिडकीची काच थरथरली, टेबलावरचा ग्लास सरकला. धक्का आला की लगेच खाली मैदानात पळायचं, असा आमचा नियमच होता.

"प्रविण, ऊठ, बाहेर चल," एवढंच बोलायचं होतं. पण तो म्हणाला, "खळ्यात आलो. दोर दिसला." आणि मी प्रविणकडे तोंड फिरवलं. पाठीला पाठ दिली. माझी मान आखडली होती, कानामागे काहीतरी गार टेकल्यासारखं वाटत होतं, पण माझा आवाज स्थिर निघाला.

"उचल."

"उचलला. बांबूला अडकवला." त्याचे दोन्ही हात हवेत वर गेले. "बाबा!"

"तो काय म्हणतो?"

"किती हाका मारल्या, म्हणतो. चिडलाय." प्रविणच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ऐकल्या, बाबा! मी ऐकल्या होत्या! मी पडून राहिलो!"

"मग?"

"बघतोय." हात वरच होते. "हात खाली केलाय. धरला! दोर धरला त्यानं! बांधतोय. उतरतोय, मॅडम. पाठ इकडे करून, सावकाश. मागचा अजून मागेच आहे. मी बघणार नाय. मी बाबाकडंच बघणार."

"बघ."

"अजून थोडं. बाबा, सांभाळून. अजून थोडं." आणि मग तो इतक्या मोठ्यानं ओरडला की मी खुर्चीतून उठले. "टेकले! पाय टेकले! मॅडम, पाय टेकले त्याचे जमिनीला!"

त्यानं डोळे उघडले. तो हसत होता, रडत होता, दोन्ही तळहात माझ्यापुढे धरून दाखवत होता. जणू त्यांच्यावर दोराचे वळ उठलेत. खाली ठोकणं चालू होतं. काच हलत नव्हती. मी मागे वळून पाहिलं, तर स्टूल भिंतीशी होतं, रिकामं. त्याच्यावर एकही थेंब नव्हता.

आम्ही खाली आलो तेव्हा संगीता टेबलाशी उभी होती, चेहरा पांढराफटक.

"धक्का मोठा होता ना?" मी म्हणाले.

"कसला धक्का?" ती म्हणाली. मग प्रविणकडे बघून तिनं आवाज खाली केला. "मॅडम, वर आणखी कोण होतं? आत्ता उतरून गेलं ते?"

"कसं होतं?"

"तोंड नाय दिसलं. जिन्याकडे तोंड करून, झाडावरून उतरतात तसं उतरलं. माझ्याकडं येत होतं, तरी मला पाठच दिसत होती. मग उन्हात गेलं."

दुकानातल्या माणसानंही धक्का बसला नाही म्हणून सांगितलं. जिन्यावरून उतरलं ते कोण, या प्रश्नाची दोन उत्तरं निघतात. प्रविणचा बाप, असं मानलं की मला झोप लागते. पायरीवर बसलेला तो पाठमोरा, असं मानलं की लागत नाही. सुधाताईंना मी यातलं अर्धंच सांगितलं.

७

आईला सांगायचं, हे प्रविणनं स्वतः ठरवलं. मी घाई नको म्हणाले होते. तो म्हणाला, "झाडावरनं उतरवलं, आता घरात न्यायला नको?"

रूपी आणि मी मांडवात होतो. जिवली चुलीपुढे बसली होती. प्रविण तिच्यासमोर मातीत बसला आणि एका दमात बोलला. दोर पडला, बाबानं हाक मारली, मी ऐकली, मी ओढून पडलो होतो, उठलो नाय. मी बाजारात गेलो नव्हतो.

आम्हाला वाटलं जिवली मारेल, किंवा ऊर बडवेल. तिनं एक लाकूड चुलीत सरकवलं.

"बाजारात गेल्तास म्हणालास," ती म्हणाली.

"खोटं बोललो, आय."

"बरं," ती म्हणाली, आणि मग त्याच्याशी बोलायची थांबली.

ती नुसती त्या दिवसापुरती थांबली नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, जिवलीनं मुलाशी शब्द काढला नाही. त्याचं ताट वाढून ती बाजूला व्हायची. काही सांगायचं असलं तर रूपीला सांगायची, तो समोर असला तरी. मी काळजीत होते. असल्या शांततेत माणसं पुन्हा चिलमीकडे जाताना मी पाहिली आहेत.

"तल्लफ येते?" मी विचारत असे.

"येते. दुपारी येते जास्त," प्रविण म्हणायचा. "मग मी उभा राहतो. चालतो. पण आता कोणी 'बस' म्हणत नाय, मॅडम. आणि आय बोलत नाय ते बरोबर आहे. तिचा नवरा होता. तिला वेळ लागणार."

तो कारखान्यात परत गेला. हात शाबूत, डोळे स्वच्छ. संध्याकाळी घरी येऊन तो आईच्या आसपास काहीतरी काम करत राहायचा, मोडलेलं कुंपण, मांडवाचे बांबू. ती न बोलता त्याच्या हाती कोयता द्यायची. एकदा रूपी सहज म्हणाली, पायरीवरचं सारवण आता वाळतं.

मे महिन्यात रूपीचं लग्न निघालं. मला आणि संगीताला बोलावणं आलं. अंगणात मोठा मांडव, घराच्या भिंतीवर पांढऱ्या पिठानं काढलेला लग्नाचा चौक, गाणी म्हणणाऱ्या बाया, ढोलवाले, आजूबाजूच्या पाड्यांवरची सगळी माणसं. सकाळपासून नवरीच्या अंगाला हळद लागत होती. प्रविण मागे पाण्याचे हंडे उचलत होता. तो पाहुण्यांच्या पुढे येत नव्हता. बापाच्या मरणाची गोष्ट आता पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होती, कारण त्यानंच ती लपवली नव्हती.

मग ती वेळ आली, जेव्हा नवरीच्या बापानं पुढे व्हायचं असतं. गाणाऱ्या बाया थांबल्या. काकड्याचा धाकटा भाऊ लडक्या नवं धोतर नेसून तयारच होता. बाप नसला की चुलता उभा राहतो. त्यानं नवा टॉवेल खांद्यावर घेतला आणि पाऊल टाकलं.

"लडक्या, थांब," जिवली म्हणाली.

सगळा मांडव तिच्याकडे वळला. तिचे हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे होते.

"माझ्या माणसाच्या जागी माझा पोरगा उभा राहील."

कुणीतरी मागून कुजबुजलं. एक म्हातारा म्हणाला, "जिवले, विचार कर. लोक काय बोलतील?"

"काय बोलायचं ते त्यानं स्वतःच सांगितलंय, तुमच्याकडं उरलंय काय?" जिवली म्हणाली. "एवढं मोठं तोंडानं सांगून माझ्या दारात रोज उभा राहिलाय तो. तुमच्यातला कोण राहिला असता?" मग ती मांडवाच्या मागच्या बाजूला वळली, जिथे प्रविण ओल्या हातांनी हंडा धरून थिजला होता. किती महिन्यांनी ती त्याच्याशी बोलत होती. "प्रविण, हंडा ठेव. हात पूस. आणि ये."

तो आला. माणसं बाजूला होत गेली आणि तो मधून चालत आला. रूपी हळदीनं माखलेल्या चेहऱ्यानं रडत होती, आणि माझ्या शेजारी संगीता माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी रुतली. जिवलीनं आपल्या पिवळ्या हातांनी मुलाचा चेहरा धरला. दोन्ही गालांवर हळद उमटली. लडक्यानं एकदा भावजयीकडे बघितलं, एकदा पुतण्याकडे. मग खांद्यावरचा नवा टॉवेल काढून त्यानं प्रविणच्या खांद्यावर टाकला आणि ढोलवाल्यांवर खेकसला, "बघत काय बसलात? वाजवा की!"